उतारावरची फोडशी

फार जुनी गोष्ट आहे, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हाची. एका डोंगराच्या पायथ्याशी लहानसं गाव होतं आणि गावाच्या टोकाला हौसा नावाची म्हातारी एकटी राहत होती.

पावसाच्या सुरुवातीला त्या डोंगरावर फोडशी उगवे. ही दिसायला कांद्याच्या पातीसारखी, लांब पानांची रानभाजी. गावाची रीत अशी, की ज्या घराला रानभाजीचा उतार सापडला त्या घराने तिथे उभं राहून हाक द्यायची. मग बायका टोपल्या घेऊन निघायच्या. हाकेवाचून कुणी पाऊल टाकायचं नाही. फोडशीचा उतार एकच, तो हौसाच्या नवऱ्याला सापडलेला. दर वर्षी तोच हाक देई.

तो गेला तेव्हा चार दिवस माणसांची रीघ लागली, मग जो तो आपल्या कामाला लागला. हे हौसाच्या मनाला फार लागलं. "माझं दार कुणी वाजवत नाही, तर मी तरी कुणाला का बोलवू?" असं म्हणून ती गुपचूप एकटीच जाऊ लागली. मुळं जमिनीत ठेवून पानं तेवढी खुडी, बुडाचा पांढरा दांडा टाकून बारीक चिरी आणि भिजवलेल्या डाळीबरोबर परती. पहिला घास नवऱ्याच्या नावाने पानावर ठेवी. 'छान झालीय' म्हणायला मात्र घरात कुणी नव्हतं.

आपलं हे जाणं कुणाला कळत नाही, असं तिला वाटे. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यालाही तसंच वाटतं.

एका वर्षी तिचे गुडघे धरले. डोंगर दारातून दिसे, पण चढवेना. परसातली कांद्याची पात चिरून, लसूण घालून तिने भाजी करून पाहिली. रंग तोच आला, चव काही येईना. नवऱ्याचं पान यंदा रिकामं राहणार, म्हणून तिला रडू कोसळलं. रोज उद्या बरं वाटेल म्हणत तिने बरेच दिवस काढले.

शेवटी तिने शेजारच्या सुनेला बोलावलं. "पोरी, कुणाला सांगू नकोस. वरच्या कातळामागे फोडशी आहे. मूठभर आणशील?"

"ठाऊक आहे की, आत्याबाई. सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण तुमच्या घरची हाक नाही, तर जायचं कसं? आम्हीपण इतकी वर्षं पातीवरच भागवतोय."

हौसा चौकट धरून उठली आणि उंबऱ्यातूनच, सगळा जीव एकवटून, तिने हाक दिली. घराघरांतून बायका टोपल्या घेऊन धावल्या.

पण फोडशीला पांढरी फुलं आली होती. पानं जून झाली होती, शिजवली तरी चावेनात.

त्या दिवशी हौसाच्या अंगणात सगळ्यांनी मिळून पातीचीच भाजी केली. पहिला घास पानावर ठेवून ती हळूच म्हणाली, "धनी, यंदा एवढ्यावर भागवा. उशीर माझाच झाला."

तात्पर्य: हाक वेळेवर द्यावी; मनात दाबून ठेवली तर भाजीही जून होते आणि माणूसही एकटं पडतं.