गेनबा बायकोला बाहेर जेवायला नेतो

एका गावात एक भोळा नवरा होता. त्याचं नाव गेनबा. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसं करायचा. कमी नाही आणि जास्तही नाही. माणसं याला आज्ञाधारकपणा म्हणतात. गेनबाची बायको सगुणा याला दुसरंच काही म्हणायची, पण मनातल्या मनात.

सगुणाला शेंगदाणा चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे आवडत नव्हता असं नाही. पोटात एक दाणा गेला की तिचे ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या, घसा आवळायचा. दिराच्या लग्नात तिनं चमचाभर काकडीची कोशिंबीर खाल्ली आणि वरात निघायच्या आधी ती टेम्पोतून दवाखान्यात निघाली. आणि गाव असं, की तिथं भाजीत कूट, आमटीत कूट, ठेच्यातही कूट. त्या दिवसापासून सगुणा कुठंही गेली तरी घरचा डबा घेऊन जायची. चार वर्षं तिनं परक्या पंगतीत बसून स्वतःची गार भाकरी खाल्ली.

एकदा गेनबाला बरोबर घेऊन ती दवाखान्यात गेली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बाई, एकदा तरी दुसऱ्यानं केलेलं, दुसऱ्यानं वाढलेलं, गरम गरम जेवावंसं वाटतं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग जेव की. औषध जवळ ठेव आणि बेधडक जा. फक्त खायच्या आधी विचारायचं, शेंगदाणा आहे का? गेनबा, तुम्ही विचाराल ना?"

"विचारीन," गेनबा म्हणाला.

रविवारी दोघं तालुक्याला गेली. स्टँडसमोरच्या हॉटेलात शिरली. सगुणानं नवं लुगडं नेसलं होतं. ती टेबलापाशी बसली आणि गेनबा गल्ल्यावर गेला.

"शेंगदाणा आहे का?"

"आहे की!" मालक खुशीत म्हणाला. "चांगला घुंगरू दाणा आहे. भरपूर आहे."

गेनबा समाधानानं परत आला. भरल्या वांग्याची भाजी आली. वाफ निघत होती. सगुणानं घास केला, तोंडापर्यंत नेला आणि थांबली.

"अहो, विचारलंत ना?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

"आहे म्हणाले. भरपूर आहे म्हणाले."

सगुणानं घास ताटात ठेवला. "मग मला सांगितलं का नाही?"

"बाईंनी विचारायला सांगितलं होतं. सांगायला कुठं सांगितलं होतं?"

त्या दिवशी सगुणा चार केळी खाऊन घरी आली. नवं लुगडं घडी घालून ठेवताना ती म्हणाली, "अहो, नुसतं विचारून काय उपयोग? आचाऱ्याकडे जायचं आणि त्याला सांगायचं, माझ्या बायकोला शेंगदाणा चालत नाही. एक दाणाही घालू नको."

"सांगीन," गेनबा म्हणाला.

पुढच्या महिन्यात ती दोघं देवदर्शनाला गेली. देवळाच्या खाली एक खानावळ होती. काशीबाई नावाची बाई ती चालवायची. चुलीवर तीच, पोळपाटावर तीच, वाढायलाही तीच. गेनबानं सगळी खानावळ पाहिली. आचारी काही दिसेना.

"आचारी कुठं आहे?" त्यानं काशीबाईला विचारलं.

"इथं कुठला आचारी! आचारी पाहिजे तर ओढ्यापलीकडे जा. पाटलांच्या घरी लग्न आहे, तिथं आलाय."

गेनबा निघाला. ओढा ओलांडला. पाटलांच्या मांडवामागं आचारी मोठ्या कढईत बुंदी पाडत होता. गेनबा त्याच्यापुढं हात जोडून उभा राहिला.

"माझ्या बायकोला शेंगदाणा चालत नाही. एक दाणाही घालू नका."

"बुंदीत?" आचारी म्हणाला.

"कशातच नको."

"नाही घालत बाबा. जा."

गेनबा घामाघूम होऊन परत आला. "आचाऱ्याला सांगितलं. एक दाणा घालणार नाही, म्हणाला."

सगुणाचा जीव भांड्यात पडला. इतका जीव तोडून नवरा सांगून आलाय म्हटल्यावर तिला बरं वाटलं. तिनं पदर सावरून ताट पुढं ओढलं. भाकरी मोडता मोडता सहज काशीबाईला म्हणाली, "मावशी, तुमचे आचारी फार भले आहेत हो. आठवणीनं कूट घातलं नाही."

"कसला आचारी? आणि अगं, कुटाशिवाय मेथीला चव कशी येईल? मूठभर घातलंय!"

सगुणानं भाकरी खाली ठेवली. तिला भूक लागली होती. रडूही आलं होतं. रडून भूक जात नाही, म्हणून तिनं देवळातला नारळ खाल्ला.

परतीच्या वाटेवर तिनं गेनबाला थांबवलं. मग म्हणाली, "नीट ऐका. जो कुणी स्वयंपाक करतो त्याला सांगायचं. कढई धुऊन घ्यायला लावायची. आणि तिथंच उभं राहून बघायचं. दाणा घालताना दिसला की सरळ हात धरायचा."

"हात धरीन," गेनबा म्हणाला.

तिसऱ्या वेळी ती दोघं हायवेवरच्या ढाब्यावर गेली. गेनबा थेट भट्टीपाशी गेला. स्वयंपाक करणाऱ्याला त्यानं सांगितलं. तो माणूस समजूतदार होता. त्यानं कढई धुतली, झारा धुतला, ओटा पुसला, नवं तेल ओतलं. शेंगांचं तेलसुद्धा घेतलं नाही, सोयाबीनचं घेतलं. गेनबा डोळ्यांत तेल घालून बघत उभा राहिला. कांदा पडला. टोमॅटो पडला. मसाला पडला. मग त्या माणसानं वाटीभर मटार उचलला.

गेनबानं त्याचा हात धरला.

"अहो, हा मटार आहे!"

"दाणा आहे."

"मटारचा दाणा आहे!"

"दाणा दिसला की हात धर, एवढंच सांगितलंय. कशाचा ते सांगितलेलं नाही."

त्यानं धरलेला हात सुटेना. गेनबा शेतात राबणारा गडी होता. कढईतला कांदा तांबूस झाला, मग काळा झाला, मग धूर निघाला. बाहेर बारा गिऱ्हाईकं ओरडायला लागली. शेवटी दोघातिघांनी मिळून गेनबाला उचललं आणि बाजेवर नेऊन बसवलं. सगुणा आधीच उठून रस्त्यावर उभी होती.

तिनं ही सगळी हकीकत धाकट्या बहिणीला, वत्सलाला, फोनवर सांगितली. वत्सला पोट धरून हसली. मग म्हणाली, "ताई, माझं डोहाळेजेवण हॉटेलात आहे, तू ये. तू माझ्या शेजारी बसून जेवणार आहेस. हॉटेलवाल्याला मीच सांगते. दाजींनी काही करायचं नाही. त्यांना दे फोन."

गेनबानं फोन कानाला लावला.

"दाजी, विचारू नका, सांगू नका, कुणाचा हात धरू नका. एकच लक्षात ठेवा. शेंगदाणा आणि ताई, दोघं एका जागी असता कामा नयेत. दिसले, की एकाला उचलायचं आणि लांब न्यायचं."

"एकाला लांब नेईन," गेनबा म्हणाला.

वत्सलाचं गाव चाळीस किलोमीटरवर. दोघं मोटारसायकलवरून गेली. वत्सलानं हॉटेलच्या मालकाला तीन वेळा फोन करून बजावलं होतं, "बहिणीच्या जिवाचा प्रश्न आहे." मालकानं धसका घेतला होता. सगुणासाठी वेगळी कढई, वेगळी पळी, वेगळं ताट. वाढणारा माणूससुद्धा वेगळा. त्यानं वाकून सांगितलं, "ताई, यात कूट नाही, शेंगतेल नाही. मी स्वतः बघितलंय. जेवा."

सगुणानं पहिला घास घेतला. भरल्या वांग्याचाच होता. गरम होता. तिचे डोळे भरून आले आणि वत्सलानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात गेनबाला पलीकडच्या टेबलावर चटणीची वाटी दिसली. शेंगदाण्याची चटणी.

तो उठला. त्यानं शेंगदाण्याकडे पाहिलं. सगुणाकडे पाहिलं. एकाला लांब न्यायचं होतं. सगुणा जेवत होती. तिला उठवायचं त्याच्या जिवावर आलं.

गेनबानं वाटी उचलली. मग बाकीच्या टेबलांवरच्या वाट्या उचलल्या. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि मालकाला म्हणाला, "सगळा शेंगदाणा द्या. बायकोच्या जिवाचा प्रश्न आहे." मालकानं हे वाक्य आधी तीनदा ऐकलं होतं. त्यानं काही न विचारता कुटाचा डबा दिला आणि दाण्यांचं अर्धं पोतंही दिलं.

येताना मोटारसायकलवर सगुणा जिथं बसली होती, तिथं गेनबानं पोतं बसवलं. दोरीनं आवळलं. हिसका बसू नये म्हणून गाडी सावकाश चालवली.

इकडे सगुणा जेवली. दोनदा वांगं घेतलं, तीनदा आमटी घेतली. चार वर्षांची भूक होती. वत्सलाची ओटी भरून झाली, गाणी झाली, पाहुणे पांगले, तेव्हा सगुणाच्या लक्षात आलं की नवरा बराच वेळ दिसलेला नाही. तिनं फोन लावला.

"अहो, कुठं आहात?"

"घरी," गेनबा म्हणाला. "लांब नेलं."

"कुणाला?"

"शेंगदाण्याला. पोतं फाटकं होतं, सांडायला लागलं. म्हणून सगळा आपल्या स्वयंपाकघरात ओतून घेतला. पिठाच्या डब्यात, तांदळाच्या डब्यात, तुझ्या मसाल्याच्या डब्यातसुद्धा. एक दाणा वाया जाऊ दिला नाही."

सगुणा खुर्चीवर बसली.

"आणि मला न्यायला कधी येताय?"

गेनबानं नीट विचार केला.

"तुला कसं आणणार, सगुणे?" तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "इथं शेंगदाणा आहे!"