शेंदूर लावलेला आरंभ

त्या राज्यात एकच तळं होतं, अगदी गोल, आणि त्याच्या काठाचे बारा सारखे घाट मानलेले होते. गोलाला सुरुवात नसते. म्हणून पहिला घाट कुठून धरायचा, यावर तिथे दोन पक्ष होते. धवलशास्त्री बगळे म्हणत, पलीकडचा चकाकता खडक बघा, त्याच्या बरोबर समोर आरंभ. कमठशास्त्री कासव म्हणत, आरंभाला पूर्वजांनी एक खडा ठेवला आहे. तो दिसत नाही, एवढंच. दोघांच्या आरंभांत अंतर चार पावलांचं. चंद्र पहिल्या घाटावर आला की उपास धरायचा, म्हणून उपासाचे दिवसही दोन.

सगुणाबाई टिटवी मोठी भाविक. कुणाचं मन मोडायला नको म्हणून ती दोन्ही मतांचे उपास धरी, आणि उपासाला चालणारे किडे दोन्ही दिवशी इतक्या श्रद्धेने खाई, की उपास वाढले तशी तीही तळ्यासारखीच गोल होत गेली. हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण प्रसादाला नाही कसं म्हणायचं?

तिने आपलं एकुलतं एक अंडं घातलं ते नेमकं त्या चार पावलांत. बगळ्यांच्या मते तो पहिला घाट, कासवांच्या मते बारावा. आणि बाराव्या घाटाच्या पिलाला उडायला शिकवायचं नाही, असा तिथला नेम.

"चार पावलं पुढे जाऊन घातलं असतंस तर पाय झिजले असते का गं?" कमठशास्त्री म्हणाले.

"कळा काय घाट विचारून येतात, शास्त्रीबुवा?" सगुणाबाई रडकुंडीला आली. "एकदाचा तो तुमचा खडा तरी दाखवा."

सगळं तळं जमलं. कमठशास्त्री डोळे किलकिले करत काठाने सरपटत आले आणि एकदम ओरडले, "सापडला! ठिपक्याठिपक्यांचा, मातकट. वडील सांगायचे अगदी तस्साच!"

ते तिचं अंडं होतं.

धवलशास्त्र्यांनी मान वाकडी करून पाहिलं. "ना तुमचं, ना माझं. मधोमध आहे. चालेल." लगेच शेंदूर लागला.

सगुणाबाईने चोच उघडली. पण बोललं तर वाद पुन्हा पहिल्यापासून. आणि आरंभच तो, म्हणजे घाट पहिलाच की! तिने चोच मिटली. "खड्याला वारं लागेल हो," एवढं म्हणून ती त्याच्यावर बसली. लोक म्हणाले, काय ही भक्ती! तिसऱ्या दिवसापासून तिलाही ती भक्तीच वाटू लागली.

बारा घाट नव्याने मोजायच्या दिवशी वाजतगाजत मिरवणूक आली. सगुणाबाई संकोचून बाजूला झाली. दोन्ही शास्त्र्यांनी दोरीचं टोक खड्याला टेकवलं, मंत्र सुरू झाला, आणि खडा तडकला.

शेंदराचं टरफल डोक्यावर घेऊन आरंभ उठला आणि अंग झटकून काठाकाठाने तुरुतुरु चालू लागला. त्याच्यामागे दोरी, दोरीमागे धापा टाकणारे दोन्ही शास्त्री, आणि त्यांच्याबरोबर पावला-पावलाने सरकत चाललेला पहिला घाट.