लखाईची कंडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, कधी धरण होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हाची. ऐका निवांत. फक्त मधे मधे पैठणचं कौतुक करू नका. ते मलाच करावं लागणार आहे, कितीही जिवावर आलं तरी.

गंगेच्या त्या काठाला पैठण आणि ह्या काठाला आमची पैलवाडी. पैल म्हणजे पलीकडची. कुणाच्या पलीकडची? पैठणच्या! म्हणजे आमच्या गावाला नावसुद्धा त्यांनीच ठेवलं, आम्हाला कुणी विचारलं नाही.

पैठणची तऱ्हाच न्यारी होती. एका आळीत मागांची खटखट चाललेली, दुसरीत तांब्यावर ठोके पडताहेत, तिसरीत कुणी मण्यांना भोकं पाडतंय. रिकामा बसलेला माणूस त्या शहरात दिसायचा नाही. रस्त्यात पडलेली काटकी पैठणकरानं उचलली, की घरी पोचेपर्यंत तिची बासरी झालेली असायची, असं म्हणतात. मोर नाचायचे आमच्या शेतात आणि जाऊन बसायचे त्यांच्या पदरावर. बरं, आमच्या डोळ्यांदेखत नाचणारे मोर, पण आम्हाला कधी सुचलं का? नाही सुचलं. हेच तर पोटात दुखतं.

आणि हे दुखणं सगळ्यात जास्त कुणाला असेल, तर लखाईला. लखाई म्हणजे आमच्या गावची निराळीण. निळीत सूत रंगवायचं तिचं काम. तिच्या दारात जमिनीत पुरलेला एक रांजण होता. त्यातलं पाणी कधी ओतून टाकायचं नाही. जुन्यातच नवी नीळ घालायची, चुना घालायचा, टाकळ्याचं बी शिजवून घालायचं, म्हणजे रांजण जिवंत राहतो. तिच्या सासूच्या सासूपासून तो रांजण जिवंत होता. खंड्या पक्षी आधी पांढराफटक होता, लखाईच्या दारातलं पाणी प्यायला आणि निळा झाला, असं म्हणतात.

एवढा तिचा निळा, पण नावेत बसून पलीकडे गेला की तो व्हायचा पैठणचा निळा. दूरदूरचे सावकार घाटावर येऊन म्हणायचे, वा, पैठणचा निळा! हे ऐकलं की लखाईला जेवण जायचं नाही. ती कधी पैठणला गेली नाही. सूत रंगवायला बसायची तीसुद्धा पैठणकडे पाठ करून.

एकदा पैठणचा थोरला विणकर, माणकोजी साळी, स्वतः नाव करून तिच्या दारात आला. देवीच्या शालूसाठी त्याला सूत रंगवून हवं होतं. लखाई म्हणाली, रंगवते, पण शालू घाटावर उलगडशील तेव्हा निळा पैलवाडीचा आहे म्हणून सांगायचं. माणकोजी माणूस वाईट नव्हता. तो नुसता हसला आणि म्हणाला, पैलवाडी कुणाला ठाऊक आहे, बाई?

झालं! तो गेला आणि लखाई धुमसत बसली. धुमसतच तिनं सूत रांजणात बुडवलं. आणि निराळ्यांचा रांजण म्हणजे लहान लेकरासारखा, घरातला राग त्याला लगेच लागतो. सूत वर काढलं तर राखेच्या रंगाचं. पाण्याला घाण वास सुटलेला, वरची तांबूस साय पार विरून गेलेली. रांजण मेला होता.

आता लखाईला घाम फुटला. रांजण गेला तर तिचं घर बसणार होतंच, पण जिच्यासाठी पैठणला आमच्या दाराशी यावं लागायचं, ती एकुलती एक चीजही गेली असती. उपाय तिला ठाऊक होता. निराळ्यांत समजूत अशी, की मेलेला रांजण उठवायचा तर एक मोठी थाप मारायची. लोकांनी ती खरी मानली की रांजण जागा होतो आणि जितकी माणसं फसतील तितका रंग गडद येतो. ह्यालाच कंडी पिकवणं म्हणतात.

लखाईनं आधी गावातच खटपट केली. पाटलाच्या म्हशीनं अंडं दिलं म्हणून सांगितलं. पण आमच्या लोकांना हे सगळं पाठ. ते म्हणाले, आत्या, रांजण बिघडला वाटतं. एक माणूस फसेना.

मग लखाईनं पदर खोचला आणि जन्मात पहिल्यांदा राणू कोळ्याच्या नावेत बसली. पैठणला उतरली आणि सगळं शहर बघतच राहिली. बघून तिचा जास्तच जळफळाट झाला. रांजणासाठी कुठलीही थाप चालली असती, पण तिनं अशी निवडली की त्या शहराच्या वर्मी लागावी. घाटावर उभी राहून ती मोठ्यांदा म्हणाली, “एवढा कसला तोरा मिरवता? खरं पैठण आमच्या वाळूखाली पुरलंय. तुमचं हे त्याची नक्कल आहे. कान लावा, खालचे माग अजून चालू आहेत.”

दुसरं कुठलं शहर असतं तर तिला हाकलून दिलं असतं. पण हे पैठण! आपल्यापेक्षा चांगलं काम कुठंतरी चाललंय म्हटल्यावर त्यांना चैन पडेल? भरभरून नावा आल्या. साळी आले, तांबट आले, मणेरी आले. सगळे आमच्या वाळूत आडवे पडले आणि कान लावून ऐकू लागले.

आणि त्यांना ऐकू आलं हो! माणकोजीला खालच्या मागाची लय ऐकू आली, ती त्यानं कधी ऐकली नव्हती. तांबटाला नवा ठोका ऐकू आला, मणेऱ्याला काचेची किणकिण. ते धावत घरी गेले आणि कामाला बसले. त्या वर्षी पैठणात जे झालं तसं पूर्वी कधी झालं नव्हतं. पदरावरच्या मोरानं मान वळवून बघावं असे शालू निघाले, घंटा न वाजवता गुणगुणायच्या, असं म्हणतात.

इकडे लखाईचा रांजण उठला. असा निळा आला की बघणाऱ्याची नजर त्यात बुडावी. पण ती खूश झाली असेल असं वाटतं तुम्हाला? तिनं वाळूत कान लावला होता, गुपचूप. तिला काही ऐकू आलं नाही. तिच्याच थापेवर पैठण दुप्पट मोठं झालं होतं. त्यातून आता ते लोक आमच्या गावाला पैलवाडी म्हणेनात. जुनं पैठण म्हणू लागले. होतं तेवढं नावही गेलं.

तेव्हा लखाईनं ठरवलं, रांजण मेला तरी चालेल, पण पैठणला हे मिळू द्यायचं नाही. कंडी फुटली की रांजण परत उठत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती नावेत बसली. देवीचा शालू घाटावर उलगडत होते, सगळं शहर जमलं होतं. लखाई पुढं झाली आणि म्हणाली, “मी खोटं बोलले. वाळूखाली काही नाही. तुम्ही ऐकलं ते तुमच्याच डोक्यातलं.”

माणकोजीचा चेहरा पडला. आणि मागून राणू कोळी बोलला, आमचाच राणू. जुन्या पैठणचा नावाडी म्हणून त्याला आता मान मिळत होता ना. तो म्हणाला, “मनावर घेऊ नका, मंडळी. आत्याचा रांजण बिघडलाय. रांजण बिघडला की निराळी असंच काहीबाही उठवतात.”

सगळा घाट हसला. कुणीतरी प्रेमानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लवकर बरा होऊ दे रांजण, म्हणालं.

लखाई घरी आली. रांजणावर तांब्यासारखी साय धरली होती, कधी नव्हती इतकी जाड. त्याच्या काठाशी बसून ती रडली. म्हणाली, “माझं खोटं सगळ्या पैठणला ऐकू आलं. माझं खरं कुणी ऐकलं नाही.” ती गेली तेव्हा तिच्या चितेचा धूर निळा निघाला, असं म्हणतात.

अजूनही पैठणात कुणी नव्यानं मागावर बसायचा झाला, की आधी नाव करून आमच्या वाळूत येतो. लखाईच्या नावानं निळ्या सुताचा एक तुकडा पुरतो आणि कान लावून पडून राहतो. आम्ही कडेला उभे राहतो. कुणी तोंड उघडत नाही.

ते गेले की आम्हीही वाळूत आडवे पडतो. मीही कितीदा पडलेय. वाळू कानाला लागते, बाकी काही नाही. त्यांना मात्र येतं ऐकू. येतंच असणार. नाहीतर दर वर्षी एवढं नवं नवं काढतात कुठून, मेले?