सुभेदारांचा गुडघा

कुरणवाडीच्या पूर्वेला बहिरोबाचं देऊळ आहे, आणि देवळापुढच्या दगडी कट्ट्यावर बहिरेमहाराजांनी बावीस वर्षं मुक्काम केला. हे नाव त्यांना बहिरोबामुळे पडलं असं गुरवाचं म्हणणं. ऐकू कमी येतं म्हणून पडलं असं बाकीच्या गावाचं. खुद्द महाराजांना विचारावं तर ते पंजा कानामागे धरून "हां?" म्हणत, आणि प्रश्न तिथेच मिटे.

या "हां?"मुळे कट्ट्यावर एक रीत पडून गेली होती. दुःख सांगायचं तर ओरडून सांगावं लागे. महाराज दोनदा "हां?" करत आणि तिसऱ्या वेळी ऐकत. तोवर कोणाची सून नांदत नाही आणि कोणाला मूळव्याध झाली आहे, हे ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांपर्यंत पोहोचलेलं असे. भक्त सांगत, तिसऱ्यांदा ओरडेपर्यंत निम्मं दुखणं उतरतं. ज्यांना आपलं दुखणं ओढ्यापर्यंत जाऊ द्यायचं नव्हतं, ते कट्ट्याकडे फिरकत नसत. अशा लोकांचे म्होरके होते सुभेदार हैबतराव भोईटे.

कुरणवाडी हे फौजी गाव. साहेबाच्या मोठ्या लढाईला घरटी एक माणूस गेला होता, समुद्रापलीकडच्या वाळूच्या मुलखात. त्यातले अठ्ठावीस परत आले. हैबतराव जाताना साधे नाईक होते, येताना सुभेदार. त्या लढाईत बढत्या भराभर मिळाल्या, कारण वरच्या जागा भराभर रिकाम्या होत होत्या.

सुभेदारांना बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. बसले तर भिंतीला पाठ लावून, नजर दारावर. पाच मिनिटांत उठायचे, कडी बघायचे, अंगणाला फेरी मारायचे, पुन्हा बसायचे. गाव याला शिस्त म्हणे. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना ते घागर घेऊन विहिरीवर जात. रांजण भरलेला, हंडे भरलेले, तरी जात. शेजारी विचारत, "सुभेदार, रांजण गळतोय का?" सुभेदार म्हणत, "शिस्त."

त्यांच्या पत्नी अंबूबाईंना ही शिस्त जवळून माहीत होती. त्यांच्या घरात फुलपात्रं आणि वाट्यासुद्धा पाण्याने भरलेल्या असत, आणि त्यातला घोटभरही सुभेदार दुपारी पीत नसत. लढाईवरून आल्यावर पहिल्याच महिन्यात अंबूबाईंनी त्यांना उठवायला खांद्याला हात लावला होता, तेव्हा झोपेतल्या सुभेदारांचे हात त्यांच्या गळ्यापाशी गेले होते. तेव्हापासून त्या लांब उभ्या राहून मुसळाच्या टोकाने नवऱ्याला उठवत. अकरा वर्षं असंच चाललं होतं. याला काय म्हणावं, ते त्यांना माहीत नव्हतं. शिस्त नव्हे, एवढं माहीत होतं.

गावातला दुसरा फौजी सिदू जगदाळे. हा साधा शिपाई. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली त्या वाळूतच राहिला होता. सिदू दर गुरुवारी कुबडी टेकत कट्ट्यावर येई आणि काहीही आडपडदा न ठेवता ओरडे, "महाराज, जो पाय न्हाई, त्याचा अंगठा ठणकतोय!"

"हां?"

"न्हाई त्या पायाचा अंगठा!"

तिसऱ्यांदा ओरडून झालं की महाराज खाली बसत आणि जिथे पाय असायला हवा होता तिथल्या रिकाम्या हवेला दोन्ही हातांनी हळूहळू दाबत. जमलेली माणसं तोंडावर उपरणं धरून हसत. सिदू डोळे मिटून म्हणे, "जरा वर. हां, तिथंच." घटकाभराने त्याला खरंच झोप लागे, तिथेच, कट्ट्याला टेकून.

सुभेदार हे रस्त्यावरून बघत. थांबत नसत, पण चाल मंद होई. "सिद्या," ते एकदा सर्वांदेखत म्हणाले, "नसलेला पाय दुखतो म्हणतोस. उद्या नसलेली बायको नांदायला येईल. पलटणीची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस तू."

"अब्रू हाय तिथंच हाय, साहेब," सिदू म्हणाला. "झोप तेवढी न्हवती. ती हितं मिळती."

माणसं हसली. यावेळी कोणाला हसली हे सुभेदारांना नीट कळलं नाही, आणि त्या दिवशी त्यांनी विहिरीच्या चार फेऱ्या जास्त केल्या.

वर्षातून एकदा पलटणीचा डॉक्टर तालुक्याला येई आणि पेन्शनरांची विचारपूस करी. सुभेदार अठ्ठावीसच्या अठ्ठावीस लोकांना रांगेत उभे करत आणि पुढे होऊन सर्वांच्या वतीने सांगत, "सब ठीक, साहेब." डॉक्टरला जेवायला जायचं असे. कुरणवाडीचे पेन्शनर सरकारदप्तरी जिल्ह्यात सर्वांत निरोगी होते.

अंबूबाईंनी शेवटी चैत्रात तोंड उघडलं. "अवं, एकदा कट्ट्यावर जाऊन या."

"मला काय झालंय?"

"काय न्हाई झालं. गुडघा दुखतोय म्हणून सांगा. गुडघ्याच्या नावानं जा. पुढचं महाराज बघतील."

गुडघा हा शब्द ऐकताच सुभेदार उठले आणि बाहेर गेले. ओढ्यापर्यंत जाऊन परत आले. पुन्हा गेले. तिसऱ्या फेरीला त्यांचे पाय आपणहून देवळाकडे वळले. दुपारची वेळ, कट्ट्यावर चिटपाखरू नव्हतं. महाराज लिंबाखाली बसून भंडाऱ्यासाठी पत्रावळी टोचत होते.

सुभेदार शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, "गुडघा दुखतोय."

"हां?"

सुभेदारांनी चारी बाजूंना पाहिलं. "गुडघा."

"हां?"

"गुडघा दुखतोय!" सुभेदार ओरडले. ओढ्यावर धोपाटणं थांबल्याचं त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

महाराजांनी मान हलवली. "तिळाचं तेल चोळा," ते म्हणाले, आणि पत्रावळीला काडी टोचता टोचता पुढे म्हणाले, "आणि तुमच्याबरोबर आलेत, ते का उन्हात उभे? त्यांना सावलीत बोलवा की."

सुभेदारांनी मागे वळून पाहिलं. मागे ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. घामाने अंगरखा पाठीला चिकटला. ते रामराम न करता निघाले आणि घरी येऊन म्हणाले, "म्हातारा भ्रमिष्ट झालाय. माणसं दिसतात त्याला."

"कोण दिसलं?" अंबूबाईंनी विचारलं. सुभेदारांनी घागर उचलली.

चार दिवसांनी बहिरोबाचा भंडारा आला. भंडाऱ्याची रीत अशी, की पंगत बसली की वाढण्याआधी प्रत्येक घराचं नाव पुकारायचं, त्या घरच्या माणसाने पुढे येऊन भाकरी पाटीत टाकायच्या. पुकारण्याचा मान सुभेदारांचा. साठ घरं त्यांना तोंडपाठ होती. कागदाला ते हात लावत नसत. "आलो" किंवा "ह्या घ्या" अशी बेशिस्त उत्तरं त्यांना खपत नसत, म्हणून तीन वर्षांपासून कुरणवाडीतल्या म्हाताऱ्या बायकाही पाच भाकरी पाटीत टाकताना "हाजिर" म्हणायला शिकल्या होत्या.

सुभेदार कट्ट्यासमोर टाचा जुळवून उभे राहिले. निम्मं गाव पुकारून झालं. तेवढ्यात आमटीच्या काहिलीवरचं लोखंडी झाकण आचाऱ्याच्या हातून निसटलं आणि फरशीवर आदळलं.

सुभेदारांची मान खांद्यांत गेली आणि पुन्हा वर आली. पुढचं घर बाबू कुंभाराचं होतं. बाबू भाकरी घेऊन पुढेही झाला होता.

"विठू कणसे," सुभेदार म्हणाले.

बाबू थबकला. गावात कणसे नव्हते.

"विठू कणसे."

"सुभेदार, ह्यो कुठला पाव्हणा काढला?" कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. सुभेदारांना तो ऐकू आला नाही. डोळे देवळाच्या शिखरापलीकडे कुठेतरी लागले होते. आवाज तोच खणखणीत.

"विठू कणसे. हाजिर का म्हणत नाही?"

हसू विरलं. बायकांत बसलेल्या अंबूबाईंनी हातातली परात खाली ठेवली. सुभेदार हलेनात. हजेरीत एका नावाचं उत्तर आल्याशिवाय दुसरं नाव घेता येत नाही, आणि हे उत्तर अकरा वर्षं यायचं राहिलं होतं.

मग कुबडीचा आवाज झाला. सिदू जगदाळे पंगतीतून उठला. विठू कणसे कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. उत्तर न आलेली हजेरी कशी असते, ते ठाऊक होतं.

"हाजिर, साहेब," तो म्हणाला.

सुभेदारांनी श्वास सोडला. "भाऊ शिंगटे."

दुसऱ्या टोकाचा एक म्हातारा पेन्शनर पत्रावळीवरून उठला. "हाजिर."

"कोंडिबा वाघमोडे."

"हाजिर."

अशी नऊ नावं झाली आणि नऊ पेन्शनर उन्हात रांगेने उभे राहिले. दहाव्या नावाला सुभेदारांचं तोंड उघडलं, पण नाव आलं नाही. पुन्हा उघडलं. दिवस भर माथ्यावर होता.

महाराज लिंबाखाली पाठमोरे बसले होते. त्यांना कोणी हाक मारली नव्हती. ते उठले, चालत आले, आणि सिदूपासून सुरू झालेल्या रांगेच्या शेवटी रिकाम्या जागी उन्हात उभे राहिले.

"केरबा तुपे," महाराज म्हणाले. आणि मग स्वतःच म्हणाले, "हाजिर."

हे नाव कुरणवाडीत कोणी कधी ऐकलं नव्हतं. अंबूबाईंनीही नाही. सुभेदारांनी ते अकरा वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं, झोपेतसुद्धा. काय म्हणावं महाराज माउलींच्या कानांना!

सुभेदार मटकन खाली बसले. साऱ्या गावासमोर, पाठीला भिंत नसताना. बोलले, पण तो खणखणीत आवाज संपला होता. दोन हातांवर आलेल्या अंबूबाईंनाही शब्द कळेनात.

"महाराज, गुडघा दुखत नव्हता. पाण्याची पाळी माझी होती. दुपार होती आणि नदीवर गोळ्या येत होत्या. मी म्हणालो, गुडघा दुखतोय. केरबा म्हणाला, बसा नाईक, तुमच्या गुडघ्याला शेकायला नदीच उचलून आणतो. हसत गेला. माझ्या तुकडीतले बाकीचे नऊ संध्याकाळच्या चढाईत पडले, सगळ्यांबरोबर. पण हा माझ्या पाळीला गेला. तेव्हाही दुखत नव्हता, महाराज. परवाही नाही."

गावाचे डोळे महाराजांच्या उजव्या हातावर होते. आता तो कानामागे जाणार. हात हलला नाही.

"ऐकलं," महाराज म्हणाले.

पहिल्याच खेपेला. बावीस वर्षांत हे कोणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

"तुम्ही रोज पाणी भरून ठेवत होता," महाराज म्हणाले, "पण हाक मारत नव्हता. हाक मारल्याशिवाय माणूस कसा यावा? उन्हात उभा होता बिचारा." त्यांनी तांब्या मागवला, लिंबाच्या सावलीत थोडं पाणी सोडलं आणि उरलेलं सुभेदारांच्या हातात दिलं. भर दुपारी सुभेदार घटाघटा प्याले.

मग ते महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "आधी त्याच्या," ते म्हणाले, आणि सिदूकडे बोट केलं. "पहिला हाजिर तो झाला."

सुभेदार वळले. सिदू कुबडीवर उभा होता. त्याला अवघडल्यासारखं झालं. "एकच हाय, साहेब," तो म्हणाला. "त्याच्यावरच भागवा."

सुभेदारांनी त्या एका पायावर डोकं ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग त्यांचा हात बाजूच्या रिकाम्या जागेकडे गेला, आणि तिथली हवा ते हळूहळू दाबू लागले, महाराजांना बघितलं होतं तशी. कोणी हसलं नाही.

"अंगठा," सिदू म्हणाला. "जरा डावीकडं."

त्या वर्षी डॉक्टर तालुक्याला आला तेव्हा रांग नेहमीप्रमाणे लागली. सुभेदार पुढे झाले आणि म्हणाले, "सब ठीक नाही, साहेब." डॉक्टरने लिहायला नवीन टाक मागवला, आणि जेवण त्या दिवशी संध्याकाळी झालं. त्यानंतर लढाईवरून जो कोणी गावी आला, त्याला सुभेदार स्वतः कट्ट्यावर नेत आणि तो लाजला तर आधी आपल्या गुडघ्याची गोष्ट त्याला ओढ्यापर्यंत जाईल अशा आवाजात सांगत. आपल्यापर्यंत ती तशीच आली. दुपारच्या विहिरीच्या फेऱ्या थांबल्या. मुसळ मात्र अंबूबाईंनी उशाशीच ठेवलं, कारण महाराजांवर श्रद्धा असली तरी घाई त्यांना पसंत नव्हती.

महाराजांना ऐकू येत होतं की नाही, हा वाद गुरव आणि गाव यांच्यात अजून चालू आहे. ही कथा कानावर पडताच फळ मिळतं असा कोणाचा दावा नाही. पण ज्याचा गुडघा उगाच दुखत असेल, त्याने ती एकदा मोठ्याने वाचावी.