पेन्यासोलाची पाठमोरी होडी

१४ ऑगस्ट. सकाळपासून दमट. वारा पूर्वेचा, आभाळ भरलेले, पाऊस नाही. इंजिनाचा सुटा भाग अजून आलेला नाही, त्यामुळे आमचे जहाज स्पेनच्या किनाऱ्यावर, पेन्यासोला गावाच्या धक्क्याला अडकून पडले आहे.

धक्क्याच्या टोकाला दगडी मनोरा आहे. त्याच्या दारावर गावाचे मानचिन्ह कोरले आहे: मनोरा, त्यावर रिकामी काठी आणि मनोऱ्याकडे पाठ करून समुद्रात निघालेली होडी. गावाच्या निळ्या निशाणावरही हेच चित्र असते. मनोऱ्याच्या किल्ल्या बास्तियानआजोबांकडे आहेत. तरुणपणी ते मालवाहू जहाजांवर होते, म्हणून आमचे मोडके इंग्रजी त्यांना कळते. "होडी घरी का येत नाही, हेच विचारणार ना? बसा," म्हणाले आणि आम्हा खलाशांना पायरीवर बसवून सांगू लागले.

फार पूर्वी, असे सांगतात, मनोऱ्यावर निशाण दिसले तरच होड्या बंदरात शिरत. नसले तर धोका समजून बाहेरूनच वळत. निशाण सांभाळायला इनेस नावाची बाई होती. एका संध्याकाळी वादळ उठले. होड्या घाईने परतत होत्या, सर्वांत पुढे तिचा नवरा तोमे. तेवढ्यात इनेसला खडकामागे दबा धरलेली चाच्यांची गलबते दिसली. खालून ती कोणाला दिसत नव्हती. तिने निशाण उतरवले. लोक दार बडवू लागले, "स्वतःच्या नवऱ्याला मारतेस का गं?" तिने अडसर काढला नाही. होड्या वादळात वळल्या. पुढच्या बंदराचा आसरा घेऊन सगळ्या परतल्या. तोमेची तेवढी आली नाही. पुढे राजाने गावाला मानचिन्ह दिले. काय कोरू, असे कारागिराने विचारले तेव्हा इनेस म्हणाली म्हणे, "मी शेवटचे पाहिले ते."

एवढ्यात नगरपालिकेतली पिलार नवे निशाण घेऊन आली. दोघांचे बोलणे स्पॅनिशमध्ये झाले; ते आजोबांनी नंतर आम्हाला सांगितले. आजोबांनी घडी उलगडली. होडीचे तोंड मनोऱ्याकडे.

"मार्चपासून सांगतोय. चित्र काढून दिलं होतं."

"छापणाऱ्याला वाटलं, तुमचं चुकलं असेल. आणि आजोबा, घरी येणारी होडी बघून लोकांना बरं वाटतं."

"बरं वाटायला नाही काढली ती."

"मग उलट बाजूनं लावा."

आजोबांनी कापड उजेडात धरून फिरवले. होडीबरोबर मनोराही दुसऱ्या बाजूला गेला. होडी पुन्हा त्याच्याकडेच येत होती.

"बघ. कशीही धर, येतेच आहे. पुढल्या वर्षी पाय लावा तिला, चालत येईल."

"जुनं फाटलंय, आजोबा. आज दुसरं नाहीच."

आजोबांनी कापडाची पुन्हा घडी घातली. मग उठून त्यांनी मनोऱ्याचे दार उघडले.

त्या वादळाची आठवण म्हणून आजही या तारखेला दिवस मावळण्यापूर्वी मनोऱ्यावरचे निशाण उतरवतात. बंदराच्या तोंडापर्यंत आलेल्या होड्या तोंड फिरवून एकदा बाहेर जातात आणि मगच आत येतात. आज संध्याकाळी जुने निशाण उतरले. होड्या वळल्या, बाहेर गेल्या, सगळ्या परत आल्या. त्यानंतर बास्तियानआजोबांनी नवे निशाण चढवले. त्यावरच्या होडीचे तोंड मनोऱ्याकडे आहे.