टिळा लावण्याआधी

फार वर्षं झाली या गोष्टीला. बैल अजून होते आणि ट्रॅक्टरही येऊन ठेपले होते, असा तो काळ. डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. तिथं पिकायचं ते फक्त गवत. पाऊस सरला की वीस दिवसांत ते कापायचं, उन्हात वाळवायचं, पेंढ्या बांधून खाली आणायच्या आणि गंजी रचायची. गंजी झाली तर उन्हाळ्यात गुरं जगायची. नाही झाली तर मरायची.

एका वर्षी गावाने सगळे बैल विकले. जुना का होईना, ट्रॅक्टर घ्यायचा ठरला. तोही मध्यम. लहान ट्रॅक्टर चढावर धापा टाकतो आणि मोठा उतारावर आपल्याच वजनाने घसरतो, एवढं गावाला कळत होतं. एवढंच कळत होतं.

पाच कर्ते बाप्ये निघाले. सोबत धुरपाला घेतलं. का? तर त्या गावाची रीत. दारात येणाऱ्या जनावराला बाईच्या हातचा टिळा लागला पाहिजे. आणि एकदा टिळा लागला की त्याचं वाईट कुणी बोलायचं नाही. ट्रॅक्टर काही जनावर नव्हे, पण रीत ती रीत. धुरपाला बघायला नेलं नव्हतं, कुंकवाचं ताट धरायला नेलं होतं.

पण धुरपाने पंचवीस वर्षं तो उतार कापलेला. दगड कुठे, ओल कुठे, पाय कुठे सरकतो, तिच्या तळव्यांना पाठ. दारात तिच्या दोन म्हशी, थोरली गाभण. गंजी झाली नाही तर ती म्हैस जगणार नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहिला ट्रॅक्टर एका म्हाताऱ्याचा. रंग उडालेला, सीट फाटलेली. म्हातारा म्हणाला, "तेल जरा जास्त पितो. थंडीत पहिल्या झटक्याला चालू होत नाही, दुसऱ्याला होतो. गवत कापायचं यंत्र मागं जोडा, माझ्या टेकाडावर चढवा, मग बोला."

पाचांचा म्होरक्या, गावचा कारभारी, हसला. "बाबा, विकताय का रडताय?"

"विकतोय. म्हणून तर सांगतोय."

पाचही जण उठले. मालकच इतके दोष सांगतो, तर लपवलेले किती असतील, असं त्यांनी ताडलं. शहाणी माणसं!

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे दुसरा ट्रॅक्टर पाहिला, तो एका दलालाचा. लालभडक, नुकता रंगवलेला, पुढे झेंडूची माळ. पाचही जणांचे डोळे निवले. एकाने चाकाला लाथ मारली आणि मान डोलावली. चाकाने जणू त्याला उत्तर दिलं!

धुरपाने ताट खाली ठेवलं आणि बॉनेटला हात लावला. चटका बसला.

"दादा, आत्ता कुठं उजाडलंय, आणि हा तापलेला कसा?"

"तुम्ही यायचे म्हणून फिरवून आणला, वहिनी."

"मग निवू द्या. गार झाल्यावर चालू करून दाखवा. आणि मागच्या दांड्याला यंत्र जोडून चढावर चालवा. दांडा फिरला तर गवत कापलं जाणार, नाहीतर नुसता लाल रंग काय चाटायचाय?"

"वहिनी, ट्रॅक्टर घेताय का जावई बघताय?"

सगळे खिदळले. धुरपा म्हणाली, "जावई वाईट निघाला तर पोरगी माघारी आणता येते. तू हा माघारी घेणार काय, सांग."

तिचा नवरा भिवा त्या पाचांतलाच. तो दात खाऊन म्हणाला, "गप की! चारचौघांत अब्रू घालवतीस."

"मुहूर्त टळतोय, धुरपे," कारभारी म्हणाला. "टिळा लाव."

"आधी चढवा, मग लावते."

भिवाने तिचं मनगट धरलं, बोट कुंकवात बुडवलं आणि बॉनेटवर टेकवलं. लालावर लाल, दिसलंसुद्धा नाही. पण रीत झाली. नारळ फुटला. धुरपाचं तोंड बंद झालं.

म्हाताऱ्याचा ट्रॅक्टर त्याच दुपारी शेजारच्या गावाने नेला.

पाऊस सरला. लाल ट्रॅक्टर चार दिवस चालला. पाचव्या सकाळी गारठ्यात चालूच होईना. उतारावरून ढकलून चालू केला, तर चढाला लागताच मागचा दांडा थांबला. अर्धं गवत कापून पडलेलं, अर्धं उभं, आणि बैल विकलेले.

बिघडला असं म्हणायची चोरी. "दमलाय," एक म्हणाला. "जागा नवी आहे, रुळेल," दुसरा म्हणाला.

धुरपा म्हणाली, "शेजारच्या गावाचा दोन दिवस मागून आणा."

कारभारी खवळला. "टिळ्याचा दारात उभा असताना दुसऱ्याचा आणायचा? म्हणजे याला वाईटच म्हटलं की!"

बायकांनी तीन दिवस डोक्यावर भारे वाहिले. चौथ्या दिवशी अवकाळी पाऊस कोसळला. गवत काळं पडलं, त्याला कुबट वास सुटला. गुरं तोंड फिरवायची. उन्हाळ्यात धुरपाची थोरली म्हैस दारात बसली, ती पोटातल्या रेडकासकट तिथंच राहिली. गावात अशी कितीतरी दारं.

मग गाव जमलं. दलालाचं नावही कुणी काढलं नाही. निकाल एवढाच लागला, की टिळा लावताना धुरपाचं मन साफ नव्हतं.

"मनगट तर यांनी धरलं होतं," धुरपा म्हणाली.

भिवाने मान खाली घातली.

पुढल्या साली बायकांचे दागिने विकून पाचही जण पुन्हा गेले. ताट धरायला एक नवी सून नेली. तिने काही विचारलं नाही. निळा, चकचकीत ट्रॅक्टर आला. "हिचा हात गुणी," कारभारी म्हणाला. तो ट्रॅक्टर तिसऱ्याच दिवशी चढावर बसला. आता विकायला गावात बैल नव्हते, दागिने नव्हते, आणि उरल्या म्हशीही त्या उन्हाळ्यात गेल्या. लोकांनी घरांना कड्या घातल्या आणि डोंगर उतरले.

पोरांनो, आणि पोरांच्या बापांनो, ऐकून ठेवा: दोष दाखवणाऱ्याचं तोंड दाबल्याने दोष जात नाही, तो सांगणारं माणूस तेवढं जातं.