राखणीची बंदूक

करंजगड संस्थानात एका वनरक्षकाची बंदूक ऐन वेळी अडकली आणि बिबट्याने त्याचा हात निकामी केला. तेव्हा महाराजांनी सगळ्या रक्षकांना नव्या बंदुका द्यायचं मनावर घेतलं. मुंबईचे बंदूकविक्रेते रावबहादूर धुरंधर दोन नमुने घेऊन वाड्यावर आले. दोन्हींना खालून काडतुसांची पेटी लागायची, आणि एक बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप चढायचं. एक होती चांदीच्या नक्षीची, दुसरी साधी काळी, निम्म्या किमतीची. परसात दोन्ही धडाधड उडाल्या, त्यामुळे डावी-उजवी कळेना.

"भरवशाची ही नक्षीवाली," रावबहादूर मिशीवरून बोट फिरवत म्हणाले. "स्वस्ताच्या नादी लागाल तर पस्तावाल."

महाराजांच्या थोरल्या बहिणीला, आक्कासाहेबांना, भारी कुतूहल. त्यांची नजर दाराशी उभ्या असलेल्या रावबहादूरांच्या पहारेकऱ्याकडे गेली. त्याच्या खांद्याला तसलीच काळी बंदूक लटकत होती.

"रावबहादूर, जंगलातून येताना तुमच्या राखणीला ही काळीच का हो?"

रावबहादूर जरा गडबडले, मग ऐटीत हसले. "त्याचं काय आहे आक्कासाहेब, नक्षीवाली पडली नाजूक. धूळ, दव लागलं की रुसते. तिला फार जपावं लागतं!"

"अगंबाई! मग जिला आपणच जपायचं, ती आपल्याला कधी जपणार?"

महाराज खो खो हसले आणि रक्षकांसाठी काळ्या बंदुका ठरल्या. नक्षीवाली मखमलीत गुंडाळून मुंबईला परत निघाली, काळ्या बंदुकीच्या पहाऱ्यात.